गायीच्या गळ्यातला जीपीएस पट्टा चुकतोय? आधी वेळ बघा, मग ठिकाण

पावसाळ्यात गोंदिया जिल्ह्यात बांध्यांमध्ये धान उभे असते. त्यामुळे आखरावरून निघालेली ढोरं तलावाच्या पाळीवर, पडीक जागेत नाहीतर जंगलाच्या कडेला चरतात. ढोरकी एक आणि जनावरं पन्नास-साठ. एखादी गाय मागे राहिली तर शोधायची कुठे? यासाठी गळ्यात बांधायचे जीपीएस पट्टे आता विकत मिळतात. पण ते बांधले म्हणजे काळजी मिटली, असं नाही. कधी ठिपका जंगलात दिसतो आणि गाय कोठ्यात रवंथ करत असते. कधी ठिपका कोठ्यात दिसतो आणि गाय घरी आलेलीच नसते. ही दुसरी गडबड जास्त महागात पडते, कारण घरचे निश्चिंत राहतात.

पट्टा काम कसं करतो?

पट्ट्याची कामं दोन. पहिलं, सुमारे 20 हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे सिग्नल पकडून स्वतःचं ठिकाण काढणं. त्यासाठी निदान चार उपग्रह दिसावे लागतात. दुसरं, ते ठिकाण मोबाईल नेटवर्कवरून तुमच्या फोनपर्यंत पोहोचवणं. पहिल्या कामाला मोकळं आकाश लागतं, दुसऱ्याला टॉवर. बिघाड कोणत्या कामात आहे हे कळलं की निम्मी दुरुस्ती झाली.

मे 2023 मध्ये ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सोडल्या, तेव्हा त्यांच्या गळ्यात सॅटेलाइट पट्टे होते. ते आपली माहिती थेट उपग्रहामार्फत पाठवतात, त्यांना गावचा टॉवर लागत नाही. गायीसाठीचे स्वस्त पट्टे बहुतेक मोबाईल सिमवर चालतात. म्हणून टॉवर नसलेल्या जंगलात ते मुके होतात.

तपासणी या क्रमाने करा

1. शेवटची वेळ: ॲपमध्ये ठिपक्यासोबत शेवटच्या नोंदीची वेळ असते. आधी ती वाचा. दुपारी 2 ची नोंद संध्याकाळी 7 ला बघत असाल, तर तो ठिपका पाच तास शिळा आहे. चालती गाय अर्ध्या तासात दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते.

2. बॅटरी: दर दोन-पाच मिनिटांनी नोंद पाठवायला लावली तर बॅटरी लवकर संपते. चरायला सोडलेल्या जनावरासाठी अर्ध्या तासाची नोंद सहसा पुरते. सोलर पट्टा असेल तर काचेवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसा. ढगाळ दिवसांत आणि दाट झाडीत तो नीट चार्ज होत नाही, तेव्हा घरी चार्ज करून ठेवा.

3. सिम: रिचार्ज संपलाय का बघा. डेटा सुरू आहे का, हे सिम फोनमध्ये टाकून तपासता येतं. मात्र 13 आकडी नंबरचं, मशीनसाठीचं सिम असेल तर विक्रेत्याला विचारा. पट्टा फक्त 2जीवर चालणारा असेल तर त्यात जिओचं सिम चालणार नाही, कारण जिओचं जाळं 4जी आणि 5जीचंच आहे. आपल्या गावात आणि चराईच्या जागी कोणत्या कंपनीची रेंज येते, हे ढोरक्याला विचारून मगच सिम घ्या.

4. आकाश: नोंदी वेळेवर येतात पण ठिपका उड्या मारतो, तर अडचण उपग्रहांच्या सिग्नलची आहे. साध्या ढगांनी फारसं बिघडत नाही. पण ओल्या पानांचं दाट छत, टिनाचं छप्पर आणि पट्ट्याची डबी मानेखाली घसरणं, यांनी सिग्नल अडतो. डबी मानेच्या वरच्या बाजूला राहिली पाहिजे. पट्टा पंधरा मिनिटं मोकळ्या मैदानात ठेवून बघा. तिथे ठिकाण बरोबर आलं तर पट्टा ठीक आहे.

5. हद्द: ॲपमध्ये आखलेली हद्द फार लहान असेल तर गाय जागेवर असतानाही इशारे येतात. झाडीत काही मीटरची चूक होणारच. ती धरून हद्द मोठी ठेवा. रोजच्या खोट्या इशाऱ्यांमुळे माणूस खऱ्या इशाऱ्याकडेही लक्ष देत नाही.

6. गळा: पट्टा आणि मान यांत हाताची बोटं सहज जावीत. दर आठवड्याला पट्टा काढून कातडी बघा. वासरं वाढतात, पट्टा वाढत नाही. मुकं जनावर आपल्याकडे अमानत आहे. आपल्या सोयीसाठी त्याच्या गळ्याला जखम होऊ देणं बरं नाही.

गाय खरोखरच आली नाही तर

ठिपका जंगलात दिसला म्हणून रात्री एकट्याने मुलाला पाठवू नका. हा वाघ-बिबट्याचा मुलूख आहे. ढोरक्याला, पोलीस पाटलाला सांगा, वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा आणि फजरनंतर उजेडात चार जणांनी जा. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला कायद्याने बंदी आहे, हेही लक्षात असू द्या.

जनावर वन्यप्राण्याने मारलेलं आढळलं तर ते हलवू नका. 48 तासांच्या आत वन विभागाला कळवा. पंचनामा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही. पट्ट्यातल्या शेवटच्या नोंदींचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, जागा आणि वेळ सांगायला कामी येतो. जनावर जखमी असेल तर पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 वर फोन करा.

पट्टा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे

ही गोष्ट आपल्या घरांनी खास लक्षात ठेवावी. ने-आण करताना किंवा वाद झाला तर ॲपमधला ठिपका कुणी मानत नाही. कानातला 12 आकडी बिल्ला आणि खरेदीची पावती विचारली जाते. महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. गाय विकत घेतली की बिल्ल्याची नोंद आपल्या नावावर करून घ्या आणि पावतीचा फोटो फोनमध्ये ठेवा.

एप्रिल 2024 मध्ये नागझिऱ्यात आणखी एक वाघीण, एनटी-3, पट्टा बांधून सोडली होती. काही दिवसांतच ती मृत सापडली. पट्टा जनावर कुठे आहे ते सांगतो, राखण करत नाही. राखण ढोरकीच करतो. तेव्हा पट्ट्यावर खर्च करताना ढोरक्याची मजुरी थकवू नका, आणि संध्याकाळी कोठ्यात जाऊन गुरं स्वतः मोजा.