सुईचें टोंक आणि खुणेचा कण

धान्याच्या पेठेंत गेलेल्या आमच्या वाचकांनीं एक गोष्ट पाहिलीच असेल. अडत्या गव्हाचें सबंध पोतें उलथून पाहात नाहीं. एक पोकळ व टोंकदार लोखंडी नळी पोत्याच्या कुशींत खुपसून तो मूठभर दाणे बाहेर काढतो आणि तळहातावर पसरून भाव ठरवितो. सर्व पोत्याची परीक्षा त्या मूठभर दाण्यांवरून होते. नळी वरच्यावर खुपसली आणि किडके दाणे तळाशीं असले, तर अडत्याचा डोळा कितीही तरबेज असो, त्याची फसगत व्हावयाचीच.

मनुष्याच्या शरीरांत गांठ आली असतां डॉक्टरांस हेंच करावें लागतें. क्ष-किरणांनीं, ध्वनिलहरींनीं किंवा चुंबकाच्या साहाय्यानें घेतलेल्या चित्रांत गांठीचा आकार दिसतो, तिची जागाही दिसते. परंतु ती कर्करोगाची आहे कीं निरुपद्रवी आहे, याचा निर्णय बहुधा सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तिच्या पेशी पाहिल्यावांचून होत नाहीं. त्यासाठीं गांठीचा बारीकसा तुकडा काढणें यास बायॉप्सी म्हणतात. आणि चित्रांत पाहात पाहात सुई नेमकी तेथें नेणें ही हल्लींची रूढ रीति आहे. आतां, सुई गांठीच्या शेजारून गेली तर तिच्यांत निरोगी भागच येतो. सूक्ष्मदर्शकांतून पाहणारा तज्ज्ञ ‘तुकडा निरोगी आहे’ असें लिहितो, व तें लिहिणें खरेंच असतें. मात्र तो तुकडा गांठीचा नसतो. रोगी समाधानानें घरीं जातो आणि रोग आंत वाढत राहतो. सुया व खुणा बनविणाऱ्यांची सारी खटपट ही खोटी निश्चिंतता टाळण्यासाठीं आहे, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील लहानसहान गोष्टींचें महत्त्व आपोआप कळेल.

न्यूयॉर्क येथील मेमोरियल रुग्णालयांतील मार्टिन व एलिस या दोघांनीं १९३० सालीं पोकळ सुईनें गांठींतील पेशी शोषून काढण्याची रीति प्रसिद्ध केली. ती आजही उपयोगांत आहे. परंतु तींत पेशी सुट्या सुट्या निघतात. त्यांची मूळची बांधणी बरीच नाहींशी होते. विटांचा ढीग पाहून वाडा कसा होता हें सांगण्यासारखेंच तें काम. म्हणून सबंध तुकडा काढणाऱ्या सुया निघाल्या. १९३८ सालीं सिल्व्हरमन यानें दोन पात्यांत चिरलेली आंतली सुई योजिली. १९५८ सालीं इटलींतील मेंघिनी यानें यकृताचा तुकडा एका सेकंदांत शोषून घेणारी सुई प्रसिद्ध केली. पण हात तो हातच. एकाचा जलद, दुसऱ्याचा कांपरा. स्वीडनमधील लिंडग्रेन यानें १९८२ च्या सुमारास हें काम स्प्रिंगकडे सोंपविलें, आणि आमच्या मतें या सर्व इतिहासांत याच्याइतकी मोठी सुधारणा दुसरी नाहीं.

तिची रचना अशी. दोन सुया एकीच्या आंत एक असतात. आंतली भरीव असून टोंकाच्या मागें तिच्या कुशीस सुमारें दोन सेंटिमीटर लांबीची खांच असते. कळ दाबतांच आंतली सुई पुढें झेंप घेते व गांठीचा भाग त्या खांचेंत दबून बसतो. तत्क्षणींच बाहेरची धारदार नळी तिच्यावरून धांवत जाते, खांचेंतील भाग कापते आणि झांकूनही टाकते. ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत सारें आटोपलेलें असतें. मऊ व सरकत्या गांठीस सावकाश ढकललें तर ती बाजूस सरते. झटक्यानें भेदली तर तिला सरकण्यास अवकाश मिळत नाहीं. मात्र सुई किती पुढें उडी घेणार हें डॉक्टरांस आधींच ठाऊक पाहिजे. दोन सेंटिमीटर पुढें मोठी रक्तवाहिनी असेल तर आखूड झेंपेची सुई घ्यावी लागते.

सुईच्या जाडीचा हिशेब विद्यार्थ्यांस उलटा वाटेल. क्रमांक वाढला कीं सुई बारीक होते. १४ क्रमांकाची सुई सुमारें २.१ मिलिमीटर, १८ ची सुमारें सव्वा, तर २२ ची अवघी ०.७ मिलिमीटर जाड असते. जाड सुईनें तुकडा चांगला मिळतो पण रक्तस्राव अधिक संभवतो. बारीक सुई इजा कमी करते पण वांकते. किती वांकते हें पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलांनीं अवश्य समजून घ्यावें. भरीव सळईचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणें बदलतो. म्हणजे व्यास निम्मा केला तर ताठपणा एक-सोळांश उरतो! शिवाय टोंक एकाच बाजूस तिरकें कापलेलें असलें तर तो उतार शरीराच्या मांसल भागास ढकलतो, आणि तो भाग उलट सुईस ढकलतो; परिणामीं सुई उताराच्या विरुद्ध बाजूस सरकत जाते. त्वचेपाशीं केसाएवढें दिसणारें हें वळण आंत खोलवर मोठें होतें. म्हणून कांहीं टोंकें सर्व बाजूंनीं सारखीं घांसतात, तर कांहीं डॉक्टर सुई फिरवून हाच दोष कामास लावतात.

सुई सरळ गेली तरी ती दिसली पाहिजे. ध्वनिलहरींनीं चित्र काढणाऱ्या यंत्रांत, ज्यास लोक सोनोग्राफी म्हणतात, गुळगुळीत सुई ही आरशासारखी असते. लहरी तिच्यावर काटकोनांत पडल्या तर परत यंत्राकडे येतात व सुई लख्ख दिसते. सुई तिरकी शिरली कीं त्याच लहरी भलतीकडे परावर्तित होतात आणि ती काळोखांत हरवते. उपाय मोठा मौजेचा आहे: टोंकाजवळचा भाग मुद्दाम खरबरीत करतात किंवा त्यावर बारीक खळगे पाडतात, म्हणजे लहरी चोहोंकडे विखुरतात व त्यांपैकीं कांहीं तरी यंत्राकडे परततात. सुईस गुळगुळीतपणा हा गुण, असें आमच्या घरांतील शिवणकाम करणाऱ्या मंडळीस वाटतें. येथें तोच अवगुण ठरला. चुंबकीय यंत्रांत साधें पोलाद चालत नाहीं. तेथें टायटॅनियमसारख्या धातूच्या सुया लागतात.

येथें एका भीतीचा विचार करणें अवश्य आहे, कारण ती पालकवर्गांत फार पसरलेली आहे. ‘गांठीस सुई लावूं नये, ती चिडते व रोग पसरतो,’ असें वडीलधारीं माणसें सांगतात. सुईच्या वाटेंत क्वचित् कांहीं पेशी मागें राहूं शकतात, हें खरें. डॉक्टर तें जाणून असतात. हाडाच्या गांठींत सुईची वाट अशी आंखतात कीं पुढें शस्त्रक्रियेंत ती वाटही काढून टाकतां यावी. कांहीं अवयवांच्या बाबतींत ते सुई वापरतच नाहींत. पुष्कळदां एक बाहेरची नळी एकदांच आंत बसवून तिच्यांतूनच पुनःपुन्हां तुकडे काढतात, म्हणजे नव्या वाटा पडत नाहींत. परंतु या भीतीनें महिनेच्या महिने दवडल्यानें होणारी हानि त्याहून कितीतरी मोठी असते.

आतां खुणेविषयीं. १९९५ च्या सुमारास स्तनाच्या बायॉप्सीसाठीं हवेच्या शोषणानें एका वाटेनें अनेक तुकडे काढणारी सुई प्रचारांत आली. तिच्यापासून एक नवीच अडचण उत्पन्न झाली. क्ष-किरणांच्या चित्रांत दिसणारा संशयित ठिपका इतका बारीक असे कीं तुकड्यांबरोबर तो सगळाच निघून जाई! पुढें रोग आहे असें उत्तर आलें, तर शस्त्रक्रिया करावयाची कोठें? म्हणून बरबँक व त्याचे सहकारी यांनीं त्याच सुईच्या वाटेनें धातूची चिमुकली खूण मागें ठेवण्यास आरंभ केला. तिच्या अचूकपणाचा वृत्तांत १९९७ सालीं प्रसिद्ध झाला.

खूण काय, धातूचा दोन-तीन मिलिमीटरचा कण. त्यांत रचना ती कसली, असें कोणी म्हणेल. परंतु तोच कण जागेवर राहिला नाहीं तर नसल्याहून वाईट. क्ष-किरणांनीं मार्ग पाहतांना स्तन दोन पट्ट्यांत दाबून धरावा लागतो. दाब सोडला कीं बाजाच्या पेटीचा भाता उघडावा तसा तो भाग पसरतो, आणि खूण त्या दिशेनें एखादा सेंटिमीटरही सरकूं शकते. कधीं सांचलेल्या रक्ताबरोबर ती वाहून जाते. यावर तोड म्हणून तो कण कोलॅजनसारख्या फुगणाऱ्या पदार्थांत गुंडाळतात. तो पदार्थ पोकळी भरून कणास धरून ठेवतो, सोनोग्राफींत नुसत्या कणापेक्षां चांगला दिसतो, व कालांतरानें शरीरांत जिरून जातो. धातु बहुधा टायटॅनियम असतो. शरीर तो सोसतें आणि चुंबकीय यंत्रांतही तो अडचण करीत नाहीं. खुणांना निरनिराळे आकारही देतात, कोणी फितीसारखी, कोणी वेटोळ्यासारखी. कारण एकाच रोग्याच्या दोन ठिकाणांचे तुकडे घेतले तर कोणतें कोणाचें हें वर्षानंतरही ओळखतां आलें पाहिजे. प्रोस्टेट ग्रंथीवर किरणोपचार करतांना सोन्याचे सुमारें एक मिलिमीटर जाड व तीन मिलिमीटर लांब असे कण वापरतात, कारण मूत्राशय भरला कीं ती ग्रंथि रोज थोडी हलते आणि किरणांनीं तिचा माग ठेवावा लागतो.

परंतु खुणेची खरी कसोटी औषधोपचार यशस्वी झाल्यावर लागते. स्तनाच्या कर्करोगांत कित्येकदां शस्त्रक्रियेपूर्वीं कांहीं महिने औषधें देतात. त्यांनीं गांठ आक्रसते. कधीं चित्रांतून अजीबात नाहींशी होते. रोग्यास व आप्तांस आनंद होतो, तो योग्यच. पण जागा मात्र तपासून काढावीच लागते, कारण न दिसणाऱ्या पेशी तेथें उरलेल्या असूं शकतात. त्या वेळीं पूर्वीं ठेविलेला तो कण तेवढा साक्षीदार असतो. शस्त्रक्रियेच्या आधीं चित्रांत पाहून त्याच्यापर्यंत आंकडा असलेली बारीक तार नेऊन ठेवतात, आणि शस्त्रवैद्य त्या तारेच्या मागानें जातो. काढलेल्या भागाचें तेथल्या तेथें क्ष-किरणांनीं चित्र घेतात, आणि त्यांत ती फीत किंवा तें वेटोळें आलें आहे ना, हें जखम शिवण्यापूर्वीं पाहून घेतात.