मानेवर विजेचा सौम्य स्पर्श, हातांना नवे बळ

मेजर हरिपाल सिंग अहलुवालिया यांनी २९ मे १९६५ रोजी एव्हरेस्टचे शिखर गाठले. त्याच वर्षी भारत-पाक युद्धाच्या काळात गोळी लागून त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि पुढचे आयुष्य व्हीलचेअरवर गेले. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात त्यांनी उपचार घेतले. तशी सोय आपल्याकडेही हवी, या ध्यासातून १९९०च्या दशकात दिल्लीच्या वसंत कुंजमध्ये ‘इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर’ उभे राहिले. मेजर २०२२ मध्ये गेले. पण ‘हातपाय पुन्हा हलतील का?’ हा त्यांच्यासारख्या असंख्य कुटुंबांचा प्रश्न कायम आहे.

दबलेला निरोप

कण्यातील मज्जारज्जू मेंदूचे हुकूम हातापायांपर्यंत पोचवतो. अपघातात तो नेहमीच पूर्ण तुटतो असे नाही. अनेकदा काही धागे शाबूत राहतात, पण त्यांतून जाणारा निरोप इतका क्षीण असतो की स्नायू हलतच नाहीत.

नव्या पद्धतीत शस्त्रक्रिया नाही. मानेच्या त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून सौम्य विद्युतप्रवाह सोडतात. हा प्रवाह हात ओढून हलवत नाही, तर मज्जारज्जूला जागे करतो. मग मेंदूचा क्षीण निरोपही पोचू लागतो. त्याच वेळी व्यायाम मात्र करावाच लागतो.

निष्कर्ष काय?

२०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये ६० जणांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. आधी दोन महिने नुसते व्यायाम, नंतर दोन महिने व्यायामासोबत विद्युत-उत्तेजना, असा क्रम होता. ७२ टक्के जणांच्या हातांची ताकद आणि कामे करण्याची क्षमता, दोन्ही वाढल्या. उपकरणामुळे गंभीर अपाय झाला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने या उपकरणाला परवानगी दिली.

तरीही हा चमत्कार नव्हे. चाचणीत तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. सहभागींमध्ये इजेच्या खाली थोडी तरी संवेदना वा हालचाल उरली होती. सुधारणा हातांपुरती होती. पण स्वतःच्या हाताने पेला धरता येणे, ही त्या घरात लहान गोष्ट नसते.

घरच्यांनी हे जपावे

• अपघातग्रस्ताला ओढून बसवू नका. मान व पाठ सरळ ठेवून फळीवरून हलवा.
• अंथरुणावरील रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदला, म्हणजे शय्याव्रण होणार नाहीत.
• फिजिओथेरपी मध्येच सोडू नका. नव्या उपचारांचा पायाही तीच आहे.
• ‘हमखास चालवून दाखवतो’ म्हणणाऱ्याला दागिने मोडून पैसे देण्याआधी तज्ज्ञ डॉक्टरांना विचारा. हा उपचार कोणत्या रुग्णांवर तपासला गेला आणि आपल्या रुग्णाची इजा तशीच आहे का, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.