तापमापक, दोन बिंदू आणि एक सरळ रेषा

आज रेषेचा चढ, इंटरसेप्ट आणि समीकरण. पळू नका, वही लागणार नाही.

घरात कुणाला ताप आलाय. डिजिटल थर्मामीटर सेल्सिअसवर सेट झालाय आणि दाखवतोय ३९. आई विचारते, "म्हणजे किती? शंभरच्या वर आहे का?" तिला फॅरेनहाइटची सवय. नेट नाहीये. काय कराल?

आपल्याला दोनच गोष्टी माहीत असल्या तरी भागतं. समुद्रसपाटीला पाणी ० सेल्सिअसला गोठतं, तेव्हा फॅरेनहाइट ३२. उकळतं १०० ला, तेव्हा २१२. झाले दोन बिंदू: (०, ३२) आणि (१००, २१२). दोन बिंदूंतून रेषा एकच जाते.

चढ म्हणजे वर किती गेलो भागिले आडवं किती गेलो. वर २१२ − ३२ = १८०, आडवं १००. चढ १.८. आता इथे मुलं हमखास घसरतात. वरती दुसऱ्यातून पहिला वजा करतात आणि खाली पहिल्यातून दुसरा. उत्तर येतं −१.८. म्हणजे पाणी तापतंय आणि फॅरेनहाइट उतरतोय! असं काही दिसलं की क्रम तपासा.

इंटरसेप्ट म्हणजे एक्स शून्य असताना वायची किंमत, इथे ३२. समीकरण: वाय = १.८ एक्स + ३२. आईचं उत्तर: १.८ × ३९ = ७०.२, अधिक ३२, म्हणजे १०२.२. हो, शंभरच्या बरंच वर आहे. डॉक्टरांना फोन लावा.

पेपरात शून्याचा बिंदू देतीलच असं नाही. समजा (३७, ९८.६) आणि (३८, १००.४) दिलेत. चढ तोच, १.८. मग एक बिंदू समीकरणात टाका: ९८.६ = १.८ × ३७ + सी. ९८.६ मधून ६६.६ गेले, सी = ३२.

आता माझा आवडता भाग. २०१५ च्या पॅरिस करारात तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायचे प्रयत्न करू असं म्हटलंय. फॅरेनहाइटमध्ये किती? सूत्रात टाकलं तर ३४.७ येतं. तेवढी वाढ झाली तर आपण शिजूनच निघू! १.५ हे तापमान नाही, दोन तापमानांमधला फरक आहे. वजाबाकीत दोन्हीकडचे ३२ उडून जातात, उरतो फक्त चढ. १.८ × १.५ = २.७. तापाचंही तसंच. "एक अंशाने उतरला" म्हणजे फॅरेनहाइटमध्ये १.८ ने उतरला.

आणि त्या ३२ मुळेच दुप्पट-निम्मे चालत नाही. २० सेल्सिअस म्हणजे ६८, पण ४० म्हणजे १०४, १३६ नव्हे.

जाता जाता एक कोडं. दोन्ही थर्मामीटर एकच आकडा कधी दाखवतील? वायच्या जागी एक्स लिहा आणि सोडवा. उत्तर ऋण येईल, आणि तेवढ्या थंडीत स्वेटरने भागणार नाही. चला, भेटू!