थीम पार्कमधला उकाडा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

परीक्षा संपल्या की मुलांना थीम पार्कचे वेध लागतात. गोराईचं वॉटर किंगडम असो की खोपोलीजवळचं इमॅजिका, मुंबई-पुण्याकडची अनेक कुटुंबं एप्रिल-मेमधला एक दिवस तिथे घालवतात. नेमके हेच कोकणपट्टीतले सर्वांत उकाड्याचे दिवस. मुलं आणि आजी-आजोबा सोबत असताना ऐकीव समजुतींवर विसंबून चालणार नाही.

गैरसमज: पारा चाळिशीच्या आत आहे, मग काळजी कसली?
वस्तुस्थिती: घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला तरच शरीर थंड होतं. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला, तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवा बाष्पाने भरलेली असेल, तर घाम वाळण्याऐवजी निथळत राहतो. अंगातलं पाणी आणि मीठ जातं, थंडावा मात्र मिळत नाही. म्हणूनच 70 टक्के आर्द्रतेत 32 अंश तापमान सावलीतही सुमारे 41 अंशांसारखं जाणवतं. उष्णतेची लाट ठरवताना हवामान खातं मैदानी भागाला किमान 40 अंशांचा निकष लावतं, किनारपट्टीला 37 अंशांचा. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या जाहीर सोहळ्यात माणसं भर उन्हात तासन् तास बसली होती. त्यातल्या 14 जणांचा उष्माघाताने बळी गेला. त्या दिवशी परिसरातलं तापमान सुमारे 38 अंश होतं.

गैरसमज: दिवसभर पाण्यातच तर आहोत, वेगळं पाणी कशाला प्यायचं?
वस्तुस्थिती: घसरगुंड्यांचे जिने चढताना, लाटांत उड्या मारताना घाम येतच असतो. अंग ओलं असल्याने तो कळत नाही. तहान लागायची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्या, मुलांना आठवणीने पाजा. लघवी गडद पिवळी होऊ लागली, तर पाणी कमी पडतंय असं समजा. घाम खूप गेला असेल, तर नुसतं पाणी ढसाढसा पिऊ नका. जोडीला मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत, ताक किंवा ओआरएस घ्या. ओआरएसची पूड पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा.

गैरसमज: खिशात कांदा ठेवला की ऊन बाधत नाही.
वस्तुस्थिती: खिशातला कांदा अंगातली उष्णता ओढून घेत नाही. कांदा जेवणात खुशाल खा, पण त्याच्या भरवशावर उन्हात उभं राहू नका. त्यापेक्षा सैल, पातळ कपडे आणि रुंद काठाची टोपी घाला. चेहरा, मान आणि हात वारंवार ओले करून वाऱ्यात किंवा पंख्यासमोर उभे राहा. दमट हवेत पाणी सावकाश वाळतं, म्हणून वाऱ्याची जोड महत्त्वाची.

गैरसमज: आभाळ भरलंय, सनस्क्रीन नको.
वस्तुस्थिती: पातळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा भाग खाली येतोच. सनस्क्रीन बाहेर पडण्याच्या वीसेक मिनिटं आधी लावा. दर दोन तासांनी आणि प्रत्येक वेळी पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावा.

गैरसमज: तिकिटाचे पैसे वसूल करायचे, तर दुपारी थांबून कसं चालेल?
वस्तुस्थिती: उलट, दुपारी दमलेली मुलं संध्याकाळी कशातच रमत नाहीत. उघड्यावरच्या, लांब रांगांच्या राइड पार्क उघडताच उरकून घ्या. बारा ते तीन या वेळेत जेवण, सावली आणि इमॅजिकातल्या ‘मिस्टर इंडिया’सारख्या बंदिस्त, वातानुकूलित राइड ठेवा. उरलेल्या राइड ऊन उतरल्यावर. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, म्हणून दिवसाचा वेग त्यांना झेपेल तेवढाच ठेवा.

गैरसमज: घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही.
वस्तुस्थिती: हा सर्वांत घातक समज. धावपळीने होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने डबडबलेलंही असू शकतं. चक्कर, डोकेदुखी, मळमळ किंवा पायात गोळे आले, तर लगेच खेळ थांबवून सावलीत जा. माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर उष्माघातच समजा. लगेच पार्कच्या प्रथमोपचार केंद्राला कळवा, 108 ला फोन करा. तोवर त्याला सावलीत झोपवून अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, उलट ते देण्यात मोलाचा वेळ जातो. रुग्णवाहिका येण्याआधीच्या या मिनिटांत अंग थंड केलं, तर जीव वाचू शकतो. म्हणून ही माहिती पार्कात शिरण्यापूर्वीच घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला सांगून ठेवा.