वस्तऱ्यासाठी पहिली पथरी घेताना

सलूनमध्ये आता बहुतेक ठिकाणी अर्धे ब्लेड बसवायचा वस्तरा चालतो. एड्स आणि काविळीचा धोका पाहता ते योग्यच आहे. त्याला पथरी लागत नाही. प्रश्न येतो तो अखंड पात्याच्या वस्तऱ्याचा. घरातल्या पेटीत वडिलांचा जुना वस्तरा सापडतो, त्याने स्वतःची दाढी करावीशी वाटते, आणि माणूस थेट हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मिळेल तो दगड घेऊन येतो.

हे आम्हीही केले आहे. सुताराची कार्बोरंडमची तेलपथरी आणली. रंध्याच्या पात्याला ती उत्तम. वस्तऱ्याची मात्र तिने करवत केली आणि आमचा गाल सोलून निघाला.

पथरीवर आकडा असतो. आकडा मोठा, तितके कण बारीक. 1000 ची पथरी पोलाद भराभर खाते. ती बोथट पात्याला नव्याने धार धरण्यासाठी. 4000 आणि 8000 ने ती धार गुळगुळीत होते. 12000 ची सुरुवातीला गरज नाही. वस्तरा घासताना धार आणि पाठ दोन्ही दगडाला टेकलेली असतात, म्हणून कोन आपोआप राखला जातो. पण त्यामुळेच 1000 वर नवशिक्याचा हात चुकला की धारेबरोबर पाठही झिजते, आणि ती पुन्हा भरून येत नाही.

म्हणून आमचे मत असे की पहिली धार जाणत्या कारागिराकडून धरून घ्यावी आणि स्वतः एकच जोडपथरी घ्यावी, एका बाजूला 4000, दुसरीला 8000. नॉर्टन कंपनीची अशी पाण्याची पथरी मिळते. लांबी आठ इंच, रुंदी तीन इंच असल्यास जवळजवळ सगळे पाते एकदम बसते. बेल्जियमची पिवळी नैसर्गिक पथरी नावाजलेली आहे, पण ती महाग, आणि प्रत्येक दगडाचा गुण निराळा. शिकणाऱ्याला दोष हाताचा की दगडाचा, हे कळणार कसे? आकडा नसलेला दगड तर वस्तऱ्यासाठी घेऊच नये, दुकानदार काहीही सांगो.

दुकानातच पथरीवर पोलादी पट्टी उभी धरून पाहावी. खालून उजेड दिसला तर दगड सपाट नाही. घरी पेन्सिलने रेघा मारून, काचेवर ठेवलेल्या ओल्या पॉलिश पेपरवर घासावा. जिथे रेघ उरते तिथे खळगा.

पथरीवर वस्तरा धारेच्या दिशेने पुढे न्यायचा, चामड्याच्या पट्ट्यावर पाठीच्या दिशेने. उलट केले तर पट्टा कापला जातो. दाढीपूर्वी दर वेळी पट्टा पुरतो; पट्ट्याने काम भागेनासे झाले तरच पथरी काढावी. पाण्याच्या पथरीवर तेल मुळीच टाकू नये, आणि वापरल्यावर ती उन्हात न ठेवता सावलीत वाळवावी.