रिकाम्या संगणकांची इर्जिक

दोस्तांनो, आई-बाबांबरोबर एखादा दाखला आणायला धाराशिवच्या कचेरीत दुपारी गेला आहात कधी? साहेब जेवायला गेलेले, पंखा गरगरतोय आणि टेबलावरचा संगणक मात्र चालूच! पडदा काळा झालाय, पण आतला मेंदू जागा आहे. तो तेव्हा काय करत असतो? काहीही नाही. गंमत म्हणजे, कारकून टाइप करत असतात तेव्हाही तो बहुतेक वेळ रिकामाच असतो. दोन अक्षरांच्या मधल्या क्षणात त्याच्या कोट्यवधी आकडेमोडी होऊ शकतात.

इर्जिक म्हणजे काय, ते आजोबांना विचारा. एखाद्याचं शेत एकट्यानं नांगरून होणार नसेल, तर गावातले लोक आपापली बैलजोडी घेऊन यायचे आणि काम उरकून द्यायचे. मजुरी नाही, घरधन्याकडचं जेवण तेवढं. शास्त्रज्ञांनी संगणकांची अशीच इर्जिक घातली. १७ मे १९९९ रोजी अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठानं 'सेटी ॲट होम' सुरू केलं. अरेसिबोच्या प्रचंड दुर्बिणीनं टिपलेल्या रेडिओ लहरींचे छोटे तुकडे करायचे आणि ते जगभरच्या लोकांच्या संगणकांकडे तपासायला पाठवायचे. परग्रहावरून कुणी हाक मारतंय का, हे शोधायला! मार्च २०२० अखेर तुकडे वाटणं थांबलं. परग्रहवासी काही सापडले नाहीत. पण बर्कलीच्याच लोकांनी बनवलेला 'बॉइंक' हा फुकट मिळणारा प्रोग्राम राहिला, आणि आज त्यावर बरेच वेगवेगळे प्रकल्प चालतात.

आता तुम्ही म्हणाल, मग ऑफिसातलं काम अडत नाही का? नाही अडत, कारण हा पाहुणा रांगेत सगळ्यांत शेवटी उभा राहतो. संगणकाकडे एकाच वेळी अनेक कामं आली, तर कुणाला आधी घ्यायचं हे ठरलेलं असतं. बॉइंकच्या कामाचा नंबर सर्वांत खालचा. कुणी माउस हलवला की थांबायचं, असंही त्याला सांगता येतं. मेंदूचा अर्धाच भाग वापर, अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंतच चाल, लॅपटॉप बॅटरीवर असेल तर गप्प बस, हे सगळं ठरवता येतं. मध्येच वीज गेली तरी मोठं नुकसान होत नाही. केलेलं काम तो अधूनमधून जपून ठेवतो आणि बहुधा तिथूनच पुढे सुरू करतो. आपल्याकडे याचं महत्त्व वेगळं सांगायला नको! जुन्या, कमी मेमरीच्या संगणकाला मात्र हा पाहुणा जड जातो. तिथे आग्रह करू नये.

यातून खरंच काही सापडतं का? २०१० साली 'आइन्स्टाइन ॲट होम' या प्रकल्पात एक नवा पल्सर सापडला. पल्सर म्हणजे स्वतःभोवती भिंगरीसारखा फिरणारा मेलेला तारा. हा सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरतो! तो पकडणारा एक संगणक अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका जोडप्याच्या घरी होता, तर दुसरा जर्मनीत माइन्झच्या विद्यापीठात, तोही संगीताशी संबंधित विभागात. दोन का? एकाचं उत्तर दुसऱ्याशी पडताळून पाहतात म्हणून.

त्याहून मजेशीर गोष्ट मिझुरीची. तिथल्या एका विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळांमधले शेकडो संगणक फावल्या वेळात मोठमोठ्या मूळ संख्या शोधत असत. मूळ संख्या म्हणजे २, ३, ५, ७ सारखी. १ आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारी. १७ सप्टेंबर २०१५ रोजी त्यातल्या एकाला २,२३,३८,६१८ अंकी मूळ संख्या सापडली. तोवरची जगातली सर्वांत मोठी! पण कळवणारा संदेश पोचलाच नाही. ७ जानेवारी २०१६ला नेहमीची तपासणी करताना ती कुणाच्या तरी डोळ्यांना दिसली. जवळपास चार महिने विक्रम तिथेच पडून, आणि मुलं त्याच संगणकांवर आपला अभ्यास करताहेत!

मात्र एक गोष्ट कान देऊन ऐका. कुणाला त्रास होत नाही, म्हणजे विचारायची गरज नाही, असं मुळीच नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका तांत्रिक महाविद्यालयाचे संगणक सांभाळणाऱ्या माणसानं १९९९च्या सुमारास असाच एक प्रोग्राम त्यांवर बसवला. सरकारनं २००१ साली त्याच्यावर खटला भरला. सेकंदाला ५९ सेंट या दरानं चार लाख डॉलरहून अधिक नुकसानीचा हिशेब मांडला गेला! २००२मध्ये तडजोड झाली: २,१०० डॉलर, ८० तासांची समाजसेवा आणि वर्षभर देखरेख. मला तो हिशेब अवाच्या सवा वाटतो. तरी दुसऱ्याच्या गोठ्यातले बैल न विचारता सोडून नेले, तर त्याला इर्जिक कोण म्हणेल?

आपल्या जिल्ह्याला जवळची वाटावी अशीही एक इर्जिक होऊन गेली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं लातूरबरोबर आपल्या सास्तूरसारखी गावंही जमीनदोस्त केली. असे धक्के टिपायला महागडी यंत्रं लागतात, आणि ती मोजक्याच ठिकाणी असतात. पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये हादरा ओळखणारा एक छोटा संवेदक असायचा, लॅपटॉप खाली पडला तर आतली चकती वाचावी म्हणून. २००८मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी हेच संवेदक बॉइंकमार्फत जोडले आणि लोकांच्या घरा-ऑफिसातल्या संगणकांना भूकंपाचे पहारेकरी बनवलं. एका टेबलाला धक्का बसला तर तो कुणाच्या कोपराचा. एकाच वेळी शंभर टेबलं हलली तर?

आणि मराठवाड्याचा आणखी एक धागा आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभारायला केंद्र सरकारनं २०२३मध्ये मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोची निरीक्षणं 'आइन्स्टाइन ॲट होम'चे हजारो संगणक चाळत असतात.

घरच्या संगणकावर करून पाहायचं असेल, तर आई-बाबांना विचारा. शाळेच्या किंवा ऑफिसच्या संगणकासाठी तिथल्या प्रमुखांना. विजेचा हिशेब आधी मांडून न्या. समजा, या कामामुळे संगणक ५० वॅट जास्त खातो, तर २० तासांत एक युनिट जादा. केवळ एवढ्यासाठी तो रात्रभर चालू ठेवणं मला पटत नाही. चालू असलेल्या तासांतच काम करू द्यावं. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, साहेब पहिला प्रश्न तोच विचारतील.