कुरवाचें नांव आणि गांव

मार्गशीर्ष-पौषांत कल्याणास दुर्गाडीखालच्या खाडीवर, तसेच ठाण्याच्या खाडीवर, पांढऱ्या पक्ष्यांचे थवे उतरतात. वर्तमानपत्रें त्यांस सरसकट ‘सैबेरियाचे पाहुणे’ म्हणतात. आम्हीही शाळेंत असतां मुलांस तेंच सांगत आलों. ती चूक होती, हें निवृत्तीनंतर एका जुन्या विद्यार्थ्यानें दुर्बीण हातीं देऊन आम्हांस दाखविलें.

हा पक्षी म्हणजे कुरव. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा अशा त्याच्या दोन जाती येथें एकाच थव्यांत मिसळलेल्या आढळतात. मौज अशी कीं, हिवाळ्यांत दोघांचेंही डोकें पांढरेंच! डोळ्यामागें काळसर ठिपका काय तो उरतो. डोक्याचा रंग हा विणीच्या हंगामाचा वेष. परतण्याच्या सुमारास, फाल्गुन-चैत्रांत, तो चढूं लागतो. तेव्हां नांवावर भिस्त ठेवणारा हमखास फसावयाचा. खूण पाहावी ती डोळ्याची. प्रौढ तपकिऱ्याचें बुबुळ फिकें, पांढुरकें, काळ्याचें गडद. शिवाय तपकिऱ्याच्या पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे टिकले असतात, ते उडतांना स्पष्ट दिसतात.

तपकिऱ्याचें शास्त्रीय वर्णन जर्डन यांनीं १८४० सालीं केलें, तेंही आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरील पक्ष्यावरून. पुढें दीर्घकाळ बहुतेक कुरव ‘लॅरस’ ह्या एकाच प्रजातींत कोंबलेले होते. जनुकांची तपासणी होऊन २००५ सालीं निष्कर्ष निघाल्यावर ह्या दोघांस ‘क्रोइकोसेफॅलस’ प्रजातींत काढण्यांत आलें. ज्याचें मस्तक रंगलेलें आहे तो. अगदीं सरळ बहुव्रीहि!

आतां गांव. काळ्या डोक्याचा युरोप-आशियाच्या उत्तर भागांतला. त्याच्यापुरतें सैबेरिया चालेल. तपकिऱ्याचें माहेर मात्र तिबेट, पामीर आणि आपलें लडाख. त्सो मोरीरी, त्सो कार ह्या साडेचार हजार मीटर उंचीवरील सरोवरांच्या परिसरांत, दलदलींत व बेटांवर, तो घरटीं करितो. ज्यास आपण समुद्रपक्षी म्हणतों तो जन्मानें पहाडी! पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादींत त्सो मोरीरी २००२ सालीं गेलें, ठाण्याची खाडी २०२२ सालीं. दोन्ही बिऱ्हाडें ह्या एकाच पक्ष्याचीं.

गांधारी पुलावरून ह्या पक्ष्यांस शेव-गाठी फेकणारे पुष्कळ भेटतात. मासे-किडे खाणाऱ्यास तळलेल्या बेसनाचें आतिथ्य कसलें? आम्हीं एका गृहस्थास हटकलें, तेव्हां तो नम्रपणें म्हणाला, “गुरुजी, एवढे सैबेरियाहून आलेत, त्यांना उपाशी कसं ठेवायचं?”

आमच्याच वर्गांतला असावा.